दहा सामने, बारा गुण

पत्र: आमचा क्लब तीन वर्षांपूर्वी इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगमध्ये आला आणि आता 18व्या स्थानावर आहे. 38पैकी 28 सामने, 24 गुण, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) उणे 22. आमच्या वरच्या, म्हणजे 17व्या क्लबचे 29 सामन्यांत 27 गुण, गोलफरक उणे 15. सोळावा 30 गुणांवर आहे, त्याच्याशी घरच्या मैदानावरचा सामना अजून बाकी आहे. गेल्या आठवड्यात मॅनेजरला काढलं. मित्र म्हणतात, 40 गुण झाल्याशिवाय सुटका नाही, म्हणजे दहा सामन्यांत 16 हवेत, तेव्हा विषय संपला. धाकटा भाऊ म्हणतो, आपण एक सामना कमी खेळलोय, म्हणजे तो हातात आहे (तो अव्वल चारमधल्या एका क्लबच्या मैदानावर आहे), तो जिंकला की झाली बरोबरी. शिवाय 17व्या क्लबला आपण दोन्ही वेळा हरवलंय, त्यामुळे समान गुण झाले तर वर आपणच. खरं कोणाचं? उरलेला हंगाम पाहायचा कसा? आणि उतरलोच खाली, तर सगळं संपलं का?

उत्तर: मित्रांचंही चुकतंय आणि भावाचंही. मित्र उगाच घाबरवतायत आणि भाऊ उगाच धीर देतोय, एवढाच फरक.

आधी 40चं पाहू. टिकायला किती गुण लागतात हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. वीस क्लबांतले शेवटचे तीन खाली जातात. तुमची शर्यत 18व्या जागी संपणाऱ्या क्लबशी आहे, त्याच्या पुढे राहिलात की झालं. ती जागा दर हंगामात वेगळ्या गुणांवर असते. 2002-03 मध्ये वेस्ट हॅम 42 गुण घेऊनही उतरलं, आणि 40ची भीती लोकांच्या मनात बसली त्यात त्या हंगामाचा वाटा मोठा आहे. पण त्यानंतर 2024-25 पर्यंत 40 किंवा जास्त गुण मिळवून एकही क्लब उतरलेला नाही. अठरावा क्लब 2010-11 मध्ये 39 वर थांबला, 2015-16 मध्ये 37 वर, 2022-23 मध्ये 34 वर, 2023-24 मध्ये 26 वर आणि 2024-25 मध्ये अवघ्या 25 वर. दहा सामन्यांत 16 म्हणजे सामन्याला 1.6 गुण. या वेगाने पूर्ण हंगाम खेळलं तर 61 गुणांच्या आसपास होतात. तो युरोपातल्या स्पर्धांच्या जागांसाठी भांडणाऱ्या संघाचा वेग झाला. तुमच्या क्लबला त्याची गरजच नाही.

मग गरज किती आहे? वही घ्या. तुमचे 28 सामन्यांत 24, म्हणजे सामन्याला 0.86. याच वेगाने उरलेल्या दहांत साडेआठ गुण येतील आणि तुम्ही 32-33 वर थांबाल. सतराव्याचे 29 सामन्यांत 27, म्हणजे 0.93. त्याच्या उरलेल्या नऊ सामन्यांत 8.4 मिळून तो 35-36 पर्यंत जाईल. म्हणजे सगळं आहे तसं चालू राहिलं तर तुम्ही तीनेक गुणांनी कमी पडता. तुमचं लक्ष्य 36, जमलं तर 37. आहेत 24. दहा सामन्यांत 12 ते 13 गुण.

हे अशक्य नाही, पण सोपंही नाही. एव्हर्टनचं 2022-23 पाहा. 20 सामन्यांत 15 गुण असताना जानेवारीच्या शेवटी शॉन डाइश मॅनेजर म्हणून आले. उरलेल्या 18 सामन्यांत 21 गुण आले, म्हणजे सामन्याला 1.17. एकूण 36 गुणांवर ते 17वे राहिले आणि 34 गुणांचं लेस्टर उतरलं. तुम्हाला साधारण तोच वेग दहा सामने धरायचाय.

आता भावाचे दोन मुद्दे. हातातला सामना म्हणजे तीन गुण नव्हेत. जो संघ सरासरी 0.86 मिळवतो, त्याच्यासाठी तो एका गुणापेक्षाही कमी किमतीचा आहे, आणि तो अव्वल चारमधल्या क्लबच्या घरी असेल तर अर्धा गुण धरा. हिशेबात त्याच्यावर भरवसा ठेवू नका. दुसरा मुद्दा नियमाचा आहे. आपसातल्या लढती आधी पाहण्याची पद्धत स्पेनच्या ला लीगात आहे. प्रीमियर लीगमध्ये गुण समान झाले तर आधी गोलफरक, मग केलेले गोल, आणि तेही समान असतील तरच आपसातले निकाल. तुमचा गोलफरक सात गोलांनी वाईट आहे. दहा सामन्यांत सात गोल भरून काढणं तळाच्या संघाला क्वचितच जमतं. त्यामुळे तीन गुणांची दरी तुम्ही चारची समजा.

पुढची पायरी थोडी वेळखाऊ आहे, पण सगळ्यात उपयोगी तीच. उरलेल्या दहाही सामन्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे अपेक्षित गुण लिहा. ढोबळ हिशेबासाठी आम्ही सुचवू ते असे: खालच्या दहातला संघ तुमच्या घरी आला तर 1.5, त्याच्या घरी गेलात तर 1. वरच्या दहातला संघ तुमच्या घरी आला तर 0.9, त्याच्या घरी 0.5. हे वजन अंदाजाचं आहे, तुमच्या संघाचा घरचा खेळ चांगला असेल तर थोडं वाढवा. समजा घरी खालचे तीन आणि वरचे दोन, बाहेर खालचे दोन आणि वरचे तीन, असं वाटप आहे. 4.5, 1.8, 2 आणि 1.5, बेरीज 9.8. हवेत 12. तफावत दोन गुणांची.

या दोन गुणांकडे नीट बघा. बरोबरीत एक गुण आणि विजयात तीन. म्हणजे दहा सामन्यांत जिथे बरोबरी होणार होती अशी एकच लढत जिंकलात तर तुम्ही 12 च्या जवळ पोचता. आघाडी घेऊन शेवटी गोल खाल्ला आणि सामना 1-1 सुटला, तर तेवढेच दोन गुण हातचे जातात. रेलिगेशनची, म्हणजे खाली उतरणं टाळण्याची, लढाई एवढ्याशा अंतरावर चालते. म्हणूनच न्यूकॅसलचं 2008-09 आठवावं. शेवटच्या दिवशी अ‍ॅस्टन व्हिलाकडे 1-0 असे हरून ते 34 गुणांवर थांबले आणि 35 गुणांचं हल सिटी राहिलं. न्यूकॅसलचा गोलफरक हलपेक्षा चांगला होता, म्हणजे नुसती बरोबरी पुरली असती.

अपेक्षित गुणांचा हाच तक्ता वरच्या दोन आणि खालच्या एका क्लबाचाही करा. दर आठवड्याला चारही बेरजा नव्याने मांडा. गुणतालिका आतापर्यंत काय झालं ते सांगते, पुढे कोणाची वाट अवघड आहे ते हा तक्ता सांगेल.

आणि बरोबऱ्यांनी आपण तरू या आशेवर राहू नका. चार विजय आणि सहा पराभव म्हणजे 12 गुण. तेच 12 बरोबऱ्यांच्या भरवशावर आणायचे तर दोन विजय, सहा बरोबऱ्या आणि फक्त दोन पराभव लागतात, आणि तळाचा संघ दहांत दोनदाच हरेल असं धरून चालता येत नाही. सोळाव्या क्लबशी घरी होणाऱ्या सामन्यात तर हे फारच महत्त्वाचं आहे. तिथे बरोबरी झाली तर सहा गुणांचं अंतर सहाच राहतं आणि एक सामना कमी होतो. सत्तराव्या मिनिटाला 0-0 असेल तर तो सामना जिंकायला जायलाच हवं, हरण्याचा धोका पत्करून. उलट अव्वल चारच्या घरी सत्तराव्या मिनिटाला 0-0 असेल तर तो एक गुण सोन्यासारखा जपायचा.

ते दोन गुण गळतात कुठे? बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा मिनिटांत आणि कॉर्नर-फ्री किकवर. पुढच्या सामन्यात तुमचा संघ 1-0 पुढे असला तर 75व्या मिनिटापासून चेंडूवरची नजर काढा आणि बचावफळी कुठे उभी आहे ते पाहा. तळाचा संघ घाबरला की ती मागे सरकत सरकत स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राच्या रेषेवर येऊन बसते. तिला आधार द्यायला मधली फळीही जवळजवळ त्याच रेषेत येते. दमलेला स्ट्रायकर स्वतःच्या अर्ध्यात परत आलेला असतो. आता चेंडू कोणीतरी लांब मारतो, पण पुढे झेलायला कोणीच नाही. मध्यरेषेवर उभा असलेला समोरचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) निवांत चेंडू घेतो, दोन पास होतात आणि दहा सेकंदांत पुन्हा क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेला चेंडू) आत. हे सहा-सात वेळा झालं की एखादा क्रॉस कोणाच्या तरी पायाला लागतो, चेंडू क्षेत्राच्या तोंडाशी येऊन पडतो, आणि तिथे तुमचा एकही माणूस नसतो, कारण सगळे मागे. खेळाडू आळशी असतात म्हणून हे होत नाही. पाठीमागे चेंडू पडला तर आपण धावून गाठू शकणार नाही, ही दमलेल्या बचावपटूची भीती त्याला मागे ओढते.

यावर उपाय आहेत आणि चांगला मॅनेजर ते करतो. प्रत्येक लांब फटक्याबरोबर पूर्ण फळीने दहा-पंधरा मीटर पुढे यायचं, आणि ते ओरडून करवून घेणारा एक माणूस फळीत हवाच. 85व्या मिनिटाला पाचवा बचावपटू उतरवण्यापेक्षा 65 ते 70व्या मिनिटाला ताज्या पायांचा आघाडीवीर उतरवणं जास्त कामाचं, कारण पुढे कोणी चेंडू धरून ठेवला तरच मागच्यांना श्वास मिळतो. बदली पाच खेळाडूंची मुभा आहे, पण मध्यंतर सोडलं तर खेळ थांबवून बदल करण्याच्या संधी तीनच. दोन संधी लवकर संपवलेला संघ शेवटी अडकतो. गोलरक्षकानेही जपावं. 2025-26 पासून त्याने हातात चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या संघाला थेट कॉर्नर मिळतो. वेळ काढायच्या नादात कॉर्नर देऊन बसणं तळाच्या संघाला परवडत नाही.

सेट पीसबद्दल (कॉर्नर, फ्री किक) आम्ही इतकं का सांगतो, तर चेंडूवर ताबा, वेगवान पासिंग या गोष्टी दहा सामन्यांत बदलत नाहीत, पण कॉर्नर बदलतो. सामन्याच्या आदल्या दिवशीचा सराव हलका असतो. त्यात वीस मिनिटं चालत्या गतीने कॉर्नरच्या जागा ठरवल्या तर पाय दमत नाहीत आणि डोक्यात पक्कं बसतं. बचावात जवळच्या खांबाची जागा कोणाची, त्यांच्या सगळ्यात चांगल्या हेडर मारणाऱ्यांना कोण धरणार, क्षेत्राच्या तोंडाशी परतून आलेल्या चेंडूसाठी कोण उभं राहणार, आणि मध्यरेषेवर एक माणूस ठेवायचा का, हे ठरलेलं असावं. मध्यरेषेवर तुमचा एक असला की त्यांचे बहुधा दोन मागे राहतात, आणि तुमच्या गोलसमोरची गर्दी तेवढी कमी होते. डाइश यांच्या एव्हर्टनने पहिल्याच सामन्यात तेव्हा अव्वल असलेल्या आर्सेनलला 1-0 हरवलं, तो गोल कॉर्नरवर जेम्स टार्कोव्स्कीच्या हेडरचा होता.

आता मॅनेजरचा प्रश्न. काढलं ते बरोबर की चूक, यावर आता डोकं शिणवू नका. नव्या माणसाच्या पहिल्या दोन निकालांवरून मतही बनवू नका. मॅनेजरला काढतात ते सगळ्यात वाईट काळात. त्या काळात थोडं दुर्दैवही असतं, त्यामुळे तो राहिला असता तरी निकाल थोडे सुधारले असतेच. इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. लेस्टरचे 2014-15 मध्ये 29 सामन्यांत 19 गुण होते, सात गुणांनी ते मागे होते. क्लबने नायजेल पियर्सनना ठेवलं. शेवटच्या नऊपैकी सात जिंकून 41 गुणांवर ते 14वे आले, आणि पुढच्याच हंगामात विजेते झाले, तेव्हा मात्र मॅनेजर क्लाउडिओ रानिएरी होते. विगनने 2011-12 मध्ये रोबेर्तो मार्तिनेसना ठेवलं, तीन बचावपटूंची रचना पक्की केली आणि शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकले. त्यात मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल आणि लिव्हरपूलही होते. उलट न्यूकॅसलने 2009 मध्ये शेवटच्या आठ सामन्यांसाठी अ‍ॅलन शिअररना आणलं, पाच गुण मिळाले आणि क्लब उतरला. लीड्सने 2023 मध्ये चार सामने उरले असताना सॅम अ‍ॅलरडाइस यांना बोलावलं, एकच गुण आला.

यातून आम्हाला एवढंच दिसतं, की वेळ हवा आणि रचना स्थिर हवी. म्हणून नव्या मॅनेजरकडे बघताना निकाल सोडून हे बघा: सलग तीन सामने बचावफळी तीच आहे का, कॉर्नर मारणारा ठरलेला आहे का, बदली 70व्या मिनिटाच्या आत होतात का. तिन्हीची उत्तरं ‘हो’ असतील तर दोन पराभव झाले तरी धीर धरा. दर सामन्याला नवी रचना दिसली, तर एखादा विजय मिळाला तरी आम्हाला काळजीच वाटेल.

कार्डांची यादी आजच तपासा, ही फार लोक विसरतात. लीगच्या 32व्या सामन्यापर्यंत दहा पिवळी कार्डं झाली तर खेळाडू दोन सामने बाहेर बसतो. तुमचे 28 झालेत. आठ-नऊ कार्डांवर असलेला मधल्या फळीतला माणूस पुढचे चार सामने पंचांशी वाद घालणार नाही, हे बघायला हवं. उसना घेतलेला खेळाडू त्याच्या मूळ क्लबाविरुद्ध खेळू शकत नाही, तेही यादीवर खूण करून ठेवा. त्या सामन्याचा अपेक्षित गुण थोडा कमी धरा.

गोलफरकाकडे परत येतो, कारण तिथे क्लब सगळ्यात जास्त निष्काळजी असतात. 2006-07 मध्ये विगन आणि शेफील्ड युनायटेड दोघांचे 38 गुण झाले. गोलफरक विगनचा उणे 22, शेफील्डचा उणे 23. एका गोलाने शेफील्ड उतरलं. शेवटचा सामना त्या दोघांतच होता आणि शेफील्डला घरच्या मैदानावर नुसती बरोबरी पुरत होती, ते 2-1 हरले. विगनचा विजयी गोल पेनल्टीवर डेव्हिड अन्सवर्थने मारला, जो त्याच जानेवारीत शेफील्डहून विगनकडे आला होता. म्हणून मोठ्या क्लबाच्या घरी 80व्या मिनिटाला 2-0 मागे असाल, तर सगळे पुढे धाडून 4-0 करून घेण्यात अर्थ नाही. गोलांचा फरक तिथेच थांबवायचा. तुमचे चाहते त्यावर चिडतील, पण मॅनेजरचं तेच बरोबर असेल.

समोरच्या संघाला आता काही मिळवायचं नाही, म्हणून हे तीन गुण आपलेच, असंही तक्त्यात लिहू नका. 2007 मध्ये वेस्ट हॅमने विजेतेपद आधीच निश्चित झालेल्या मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या घरी कार्लोस तेवेसच्या गोलवर 1-0 हरवलं, हे खरं. पण 2014 मध्ये सुंदरलँडने विजेतेपदासाठी जीव तोडून खेळणाऱ्या मँचेस्टर सिटीशी त्यांच्या घरी 2-2 बरोबरी केली आणि लगेच चेल्सीला त्यांच्याच मैदानावर 2-1 हरवलं. नाताळात ते तळाला होते, हंगाम संपताना 14वे.

शेवटच्या दिवशी दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात. त्या दिवसासाठी आधीच कागदावर लिहून ठेवा: आपण जिंकलो तर कोणाचं काय झालेलं चालेल, बरोबरी झाली तर काय, हरलो तर काय. 2004-05 मध्ये शेवटच्या सकाळी वेस्ट ब्रॉम तळाला होतं. खालच्या चारपैकी कोणाचंच उतरणं तोवर ठरलेलं नव्हतं. वेस्ट ब्रॉमने पोर्ट्समथला 2-0 हरवलं, बाकी तिघांपैकी एकही जिंकलं नाही, आणि 34 गुणांवर ते टिकले.

आणि उतरलात तर? दुखेल. पण संपत नाही. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे खालच्या श्रेणीत, 24 क्लब आणि 46 सामने असतात. उतरलेल्या क्लबाला पॅराशूट रक्कम, म्हणजे पडझड सावरायला लीगकडून पैसे, मिळते: सगळ्या क्लबांना सारख्या मिळणाऱ्या प्रसारण वाट्याच्या पहिल्या वर्षी 55 टक्के, दुसऱ्या वर्षी 45, तिसऱ्या वर्षी 20. एकाच हंगामात परत उतरणाऱ्याला तिसरं वर्ष मिळत नाही. तुम्ही तीन वर्षं वर आहात, तेव्हा तिन्ही मिळतील. खेळाडूंच्या करारांत उतरल्यास पगार कमी करण्याचं कलम आहे की नाही, यावर पहिला उन्हाळा ठरतो. ते नसेल तर वरच्या श्रेणीचे पगार खालच्या उत्पन्नातून द्यावे लागतात आणि चांगले खेळाडू मिळेल त्या किमतीला विकावे लागतात.

बर्नली 2022 मध्ये उतरलं, 2023 मध्ये 101 गुणांनी वर आलं, 2024 मध्ये उतरलं आणि 2025 मध्ये 100 गुणांनी पुन्हा वर आलं. लूटन 2024 मध्ये उतरलं आणि 2025 मध्ये आणखी एक पायरी खाली गेलं. सुंदरलँड 2017 आणि 2018 मध्ये लागोपाठ दोनदा उतरलं आणि 2025 मध्ये परतलं. आठ वर्षं गेली, पण परतलं. तुमच्या क्लबाचं काय होईल याचा पहिला अंदाज जून-जुलैतच येईल: गोलरक्षक, दोन सेंटर बॅक आणि मधल्या फळीचा कणा यांपैकी किती जण राहतात ते मोजा.

ते उन्हाळ्यातलं. आत्ता वही उघडा आणि 16व्या क्लबाशी घरी होणाऱ्या सामन्याची तारीख लाल शाईने लिहा.